पॉझिटिव्ह म्हणजे काय रं?

मामाचा फोन आला तेव्हा मी सकाळच्या कॉलवर होतो. नोव्हेंबर २०२१. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, काम घरूनच चाललेलं, कॅमेरा बंद. मामा एसटीतून रिटायर झालेला, सांगलीजवळ राहतो. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याआधीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात आला होता.

"काय रं, ह्यात एका ठिकाणी ठळक अक्षरात रिअ‍ॅक्टिव्ह लिवलंय. म्हंजे पॉझिटिव्ह का? पॉझिटिव्ह म्हंजे काय रं?"

मी म्हटलं फोटो पाठव. व्हॉट्सअ‍ॅपवर तिरका, सावली पडलेला फोटो आला. साखर ठीक, हिमोग्लोबिन ठीक, आणि खाली एक ओळ: अँटी-एचसीव्ही, रिअ‍ॅक्टिव्ह. बस. त्याच्या पुढे मागे काही नाही.

आता मी काय करायला हवं होतं? "मला माहीत नाही, डॉक्टरांना विचार." एवढंच. पण आपण पडलो इंजिनियर. आपल्याला 'माहीत नाही' म्हणता येत नाही. मी नावाकडे बघितलं, 'अँटी' दिसलं, आणि निकाल देऊन मोकळा झालो. "अरे मामा, अँटी म्हणजे अँटिबॉडी. तुझ्या शरीरात त्या रोगाविरुद्ध अँटिबॉडी तयार आहेत. चांगलंच आहे की!"

"मंग झ्याक," मामा म्हणाला. ऑपरेशन झालं, नजर छान आली, रिपोर्ट मामीच्या प्लास्टिकच्या पिशवीत गेला.

माझ्या बचावासाठी एवढंच म्हणेन की ते वर्षच तसं होतं. अँटिबॉडी हा शब्द आपण सगळे कोविडच्या काळात शिकलो आणि एकाच अर्थाने शिकलो. जुलै २०२० मध्ये मुंबईत तीन वॉर्डांत सर्वेक्षण झालं, त्यात झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या आणि इमारतींमधल्या १६ टक्के. झोपडपट्टीवाले सुटले बुवा, अशा सुरात चर्चा झाली. नंतर लस आली, तेव्हा आमच्या टीममधले लोक लशीनंतर पैसे भरून अँटिबॉडी मोजून घेत होते आणि आकडे एकमेकांना सांगत होते. जणू सीटीसीच. ज्याचा आकडा मोठा तो सुरक्षित. अशा वातावरणात 'अँटी'पुढे 'रिअ‍ॅक्टिव्ह' दिसलं की अभिनंदन करावंसंच वाटणार.

२०२३ च्या पावसाळ्यात मामाचे पाय सुजायला लागले. प्लेटलेट ८० हजारावर आल्या म्हणून आधी डेंग्यू धरून चालले. डेंग्यू निघाला नाही. मग एका फिजिशियनने पोटाची सोनोग्राफी करायला लावली आणि विचारलं, "यांची हिपॅटायटिस सी ची टेस्ट कधी केली होती का?" मामीने पिशवी उपडी केली. त्यातून तो २०२१ चा कागद निघाला. मी तिथेच उभा होतो.

लिव्हर सिरॉसिस. मामाने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, हे मामी प्रत्येक डॉक्टरला न विचारता सांगायची. दोन वर्षं आधी औषध सुरू झालं असतं तर नेमका किती फरक पडला असता, असं मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं. "आता ते सांगता येत नाही," असं ते म्हणाले. सज्जन माणूस.

तेव्हापासून मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं. मी डॉक्टर नाही, पोटापाण्यासाठी कोड लिहितो, आणि खालचं वाचून कोणी स्वतःवर उपचार करू नयेत. पण 'पॉझिटिव्ह म्हंजे काय रं' या प्रश्नाचं उत्तर मला आज द्यायचं आहे, कारण तेव्हा मी चुकीचं दिलं.

अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंड (हा शब्द बारावीच्या पुस्तकानंतर मी कुठे ऐकलेला नाही, तेव्हा अँटिबॉडीच म्हणू). ते एक प्रथिन असतं आणि ते व्हायरसच्या एखाद्या तुकड्याला चिकटतं. अख्ख्या व्हायरसला नाही, तुकड्याला. सगळी मेख इथेच आहे. तो तुकडा व्हायरसच्या बाहेरच्या अंगावरचा असेल आणि फारसा बदलत नसेल, तर अँटिबॉडी त्याला धरून ठेवते, पेशीत शिरू देत नाही. तो तुकडा व्हायरसच्या आतला असेल, तर अँटिबॉडी कितीही असोत, त्यांना तो तुकडा सापडतच नाही. घरात चोर येऊन गेल्यावर पोलिसांनी त्याच्या बनियनचं वर्णन लिहून घेतलं तर काय उपयोग? तो येणार शर्ट घालून.

मग अशा अँटिबॉडीची टेस्ट करतातच कशाला? कारण ती खूण असते. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगमधली नोंद. अमुक एक आगंतुक कधीतरी आत आला होता, एवढं ती नोंद सांगते. तो गेला की अजून चालू आहे, हे लॉग सांगत नाही. त्यासाठी आत्ता या क्षणी कुठल्या प्रोसेस चालू आहेत ते बघावं लागतं. आणि दारावर आता पहारा आहे की नाही, हा तिसराच प्रश्न. तीन वेगळे प्रश्न, तीन वेगळ्या टेस्ट, आणि तिन्हींचं उत्तर छापताना लॅब वापरते एकच शब्द: पॉझिटिव्ह. किंवा त्याचा भाऊ, रिअ‍ॅक्टिव्ह. कोणी ज्युनियरने एकाच नावाचा व्हेरिएबल तीन अर्थांनी वापरला तर आपण कोड रिव्ह्यूमध्ये त्याची काय हालत करू!

हिपॅटायटिस बी घ्या, कारण हा सगळा घोळ तिथे सगळ्यात नीट दिसतो. या व्हायरसच्या बाहेरच्या वेष्टनावर एक प्रथिन असतं, सरफेस अँटिजन. रिपोर्टवर ते एचबीएसएजी म्हणून येतं. ही अँटिबॉडी नव्हे, हा व्हायरसचाच तुकडा. ते पॉझिटिव्ह म्हणजे व्हायरस आत्ता शरीरात आहे, आणि सहा महिन्यांनंतरही राहिलं तर संसर्ग जुनाट झाला. याच सरफेस अँटिजनविरुद्धच्या अँटिबॉडीचं नाव अँटी-एचबीएस. ते पॉझिटिव्ह म्हणजे पहारेकरी हजर, बहुतेक वेळा आनंदाची बातमी. तिसरी टेस्ट अँटी-एचबीसी. यातला 'सी' म्हणजे कोअर, व्हायरसचा आतला गाभा. ही अँटिबॉडी वर सांगितलेल्या बनियनवाली. ती संरक्षण देत नाही, पण खरा व्हायरस कधीतरी अंगात येऊन गेल्याशिवाय ती तयारही होत नाही. लशीमुळे ती कधीच येत नाही, कारण लशीत फक्त बाहेरचं प्रथिन असतं, यीस्टच्या पेशींकडून बनवून घेतलेलं. गाभा नसतोच.

म्हणजे बघा, फक्त अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह असेल तर तुम्ही लस घेतलेली आहे आणि ती लागू पडली आहे. अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी दोन्ही पॉझिटिव्ह, पण सरफेस अँटिजन निगेटिव्ह, तर व्हायरस येऊन गेला आणि तुमच्या शरीराने त्याला हरवलं. अशा माणसाला बी पुन्हा सहसा होत नाही. पण इथे एक बारीक अट आहे, आणि ती मला कोणी सांगितली नव्हती. हरवलं म्हणजे हाकललं नाही. व्हायरसचा डीएनए यकृताच्या पेशींमध्ये मुटकुळं करून पडून राहतो. पुढे कधी कॅन्सरसाठी केमोथेरपी घ्यावी लागली, किंवा रिटुक्सिमॅबसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, तर पहारा उठतो आणि तो पुन्हा जागा होऊ शकतो. म्हणून अशी औषधं सुरू करण्याआधी या टेस्ट करतात. तुमच्या जुन्या रिपोर्टवर अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असेल तर तो कागद फेकू नका, वीस वर्षांनी एखाद्या डॉक्टरला लागेल. आणि फक्त अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह, बाकी दोन्ही निगेटिव्ह असलं तर? त्याचे चार अर्थ होतात आणि ते सोडवणं खरंच डॉक्टरांचं काम आहे.

गंमत म्हणजे हिपॅटायटिस बी चा शोधच अँटिबॉडीमुळे लागला. बारूख ब्लुमबर्ग नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ कावीळ शोधतच नव्हता. वेगवेगळ्या लोकांच्या रक्तातली प्रथिनं कशी वेगळी असतात, याचा तो अभ्यास करत होता. ज्या हिमोफिलियाच्या रुग्णांना अनेकदा रक्त चढवलेलं असतं, त्यांच्या रक्तात परक्या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी असणार, म्हणून त्याने त्यांचं रक्त वापरलं. त्यातली एक अँटिबॉडी ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तातल्या कशाला तरी चिकटली. १९६५ साली त्याने ते प्रसिद्ध केलं, नाव दिलं ऑस्ट्रेलिया अँटिजन. तेच आजचं एचबीएसएजी. १९७६ चं नोबेल त्याला मिळालं. २८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन असतो तो त्याचा वाढदिवस म्हणून.

आता मामाचा व्हायरस, हिपॅटायटिस सी. इथे पहारेकरी वगैरे भानगडच नाही. अँटी-एचसीव्हीची टेस्ट ज्या अँटिबॉडी पकडते त्या मुख्यतः या व्हायरसच्या आतल्या गाभ्याविरुद्धच्या, आणि पेशीत शिरल्यावर तो जी प्रथिनं बनवून घेतो त्यांच्याविरुद्धच्या. म्हणजे लॉग, निव्वळ लॉग. बाहेरच्या वेष्टनाविरुद्धही शरीर अँटिबॉडी बनवतं, नाही असं नाही, पण हा व्हायरस स्वतःच्या प्रती काढताना इतक्या चुका करतो की वेष्टन सतत बदलत राहतं. आज तुम्ही पकडायला शिकलात ते कालचं रूप. रोज पासवर्ड बदलणारा माणूस. म्हणूनच सी वर अजून लस नाही.

संसर्ग झालेल्यांपैकी साधारण १५ ते ४५ टक्के लोकांच्या शरीरातून हा व्हायरस सहा महिन्यांत आपोआप जातो. उरलेल्यांमध्ये तो राहतो, दहा-वीस-तीस वर्षं, काही त्रास न देता, आणि यकृत हळूहळू खरवडत राहतो. दोन्ही गटांची अँटी-एचसीव्ही टेस्ट तशीच, रिअ‍ॅक्टिव्ह. फरक कळतो तो आरएनए टेस्टने, जी व्हायरसचं प्रत्यक्ष अस्तित्व शोधते. २०२१ मध्ये मामाला हवी होती ती ही टेस्ट. माझं अभिनंदन नव्हे.

मामाला हा व्हायरस कुठून आला असेल? खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. पण १९८६ मध्ये घाटात एसटीला अपघात झाला होता, मामा कंडक्टर, मांडीचं हाड मोडलं आणि रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या. हिपॅटायटिस सी व्हायरसची ओळख पटली १९८९ साली. (हार्वी आल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना या कामासाठी नोबेल मिळालं २०२० मध्ये.) म्हणजे १९८६ ला जगातली कुठलीच रक्तपेढी त्याची तपासणी करू शकत नव्हती. ज्या रक्ताने मामाला वाचवलं, बहुतेक त्यातूनच हा आला. तेव्हा रक्त दिलेल्या माणसाचा मी कधी कधी विचार करतो. त्यालाही माहीत नसणार. त्याचं काय झालं असेल?

असो.

मामाने स्वतः या सगळ्याकडे बघितलं ते वेगळ्याच दिशेने. "मला लहानपणीच कावीळ झाली हुती. उतरवली हुती. एकदा झाली की परत हुत न्हाई." चुन्याच्या निवळीत हात धुवून पाणी पिवळं करून दाखवणाऱ्या माणसाकडे नेलं होतं त्याला. आपल्या भाषेत कावीळ हा एकच शब्द आहे आणि त्याखाली पाच वेगवेगळे व्हायरस दडपलेत. मामाची लहानपणीची कावीळ बहुधा ए ची असणार. ती खराब पाण्यातून येते, मुलांमध्ये आपली आपण बरी होते (श्रेय चुनेवाल्याला), आणि तिच्या आयजीजी अँटिबॉडी आयुष्यभर पुरतात. म्हणजे 'एकदा झाली की परत होत नाही' हे ए पुरतं अगदी खरं आहे! आपल्या आजी-आजोबांचं ज्ञान चुकीचं नव्हतं, एका व्हायरसचं ज्ञान पाचांना लावलं एवढंच. ई चंही पाण्याचंच. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात गटार मिसळून हजारो लोकांना कावीळ झाली ती आणि २०१२ मध्ये इचलकरंजीत साथ आली ती याचीच. पण ए किंवा ई होऊन गेल्याचा बी आणि सी शी काडीचा संबंध नाही. त्यांचा प्रवास रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाकडे. आणि बी-सी एका ताटात जेवल्याने पसरत नाहीत. मामीने पहिले दोन महिने मामाचं ताट वेगळं ठेवलं होतं, माझ्या आईच्या सांगण्यावरून.

एव्हाना तुम्ही तुमच्या कंपनीच्या वार्षिक तपासणीची पीडीएफ शोधायला लागला असाल. मीही तेव्हा तेच केलं. त्यात व्हिटॅमिन डी होतं, बी-१२ होतं, कोलेस्टेरॉलचे सहा प्रकार होते. हिपॅटायटिसचं एक अक्षर नाही. तीन-चार हजारांचं पॅकेज, आणि यकृतासाठी फक्त एन्झाइम, जी जुनाट बी-सी मध्ये कित्येकदा अगदी नॉर्मल असतात. मग मी स्वतः बाहेर जाऊन टेस्ट केल्या. सरफेस अँटिजन निगेटिव्ह, अँटी-एचबीसी निगेटिव्ह, अँटी-एचसीव्ही निगेटिव्ह. आणि अँटी-एचबीएस ४.८.

आता हा आकडा. १० च्या वर असेल तर संरक्षण आहे असं धरतात. मी बारावीत असताना आमच्या कॉलनीतल्या गणेश मंडळाने लसीकरण शिबिर भरवलं होतं. शून्य, एक आणि सहा महिने असे तिन्ही डोस घेतल्याचं पिवळं कार्ड आईने जपून ठेवलंय. मग ४.८ कसे? लस फसली? रात्री अकरा वाजता मी हा प्रश्न घेऊन बसलो आणि अर्थातच सगळ्यात वाईट उत्तरं आधी वाचली.

खरी गोष्ट बरीच दिलासादायक आहे. लशीनंतर बनलेल्या अँटिबॉडी वर्षागणिक कमी होतातच. पण त्या बनवणाऱ्या पेशींची आठवण शिल्लक राहते. हिपॅटायटिस बी चा व्हायरस शरीरात शिरल्यापासून आजार व्हायला साधारण दीड ते सहा महिने घेतो. स्मृतिपेशींना जागं होऊन नव्या अँटिबॉडी बनवायला काही दिवस पुरतात. म्हणजे चोर इतका आळशी आहे की झोपलेल्या पहारेकऱ्यालाही उठून, तोंड धुवून, चहा पिऊन दारावर यायला वेळ मिळतो. म्हणून ज्याने पूर्ण लस घेतली आणि ज्याची प्रतिकारशक्ती धडधाकट आहे, त्याने दर वर्षी आकडा मोजत बसायची किंवा बूस्टर घ्यायची गरज नसते. डायलिसिसवरचे रुग्ण, प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक, यांचं वेगळं. दवाखान्यात सुया हाताळणाऱ्यांनी लस पूर्ण झाल्यावर एक-दोन महिन्यांत एकदा मोजून घ्यायचं असतं.

तरी एक फट उरतेच. काही प्रौढांमध्ये लस मुळात लागूच पडत नाही. माझे ४.८ हे 'होते, ओसरले' असे की 'कधी आलेच नाहीत' असे, हे एवढ्या वर्षांनी नुसत्या आकड्यावरून ओळखता येत नाही. डॉक्टरांनी यावर सोपा उपाय सांगितला. एक डोस घे आणि महिन्याने मोज. घेतला, मोजला: ६४०. पहारेकरी झोपला होता, मेला नव्हता. (सहाशे चाळीस हा आकडा मी टीममध्ये सांगितला नाही. मोह झाला होता.)

आता माझं मत. वैताग आहे, पण मतही आहे.

पहिलं म्हणजे हे रिपोर्ट ज्याने डिझाइन केले, त्याने ते कधी मामासारख्या माणसाच्या हातात देऊन बघितले नाहीत. सगळे रिपोर्ट संदर्भ-मर्यादेबाहेरचा निकाल ठळक करतात. त्यामुळे होतं काय, की अँटी-एचबीएस ६४० असलेल्या माझ्या रिपोर्टवर तो आकडा ठळक, शेजारी वर जाणारा बाण, आणि बायको घाबरून फोन करते. आणि मामाच्या रिपोर्टवर रिअ‍ॅक्टिव्ह ठळक, आणि भाचा अभिनंदन करतो. ठळक अक्षर दोन्हीकडे एकच. इथे लॅबने निदान करावं असं मी म्हणत नाही. 'ही टेस्ट संरक्षण दाखवत नाही. व्हायरस आत्ता आहे का हे कळण्यासाठी आरएनए टेस्ट आवश्यक.' एवढी दोन वाक्यं, मराठीत, त्या ओळीखाली. छापायला किती शाई लागते? रिपोर्ट सॉफ्टवेअरमधूनच निघतो, टेम्प्लेटमध्ये एक अट टाकायची. मी अर्ध्या दिवसात करून देतो, फुकट.

लॅबवाल्या एका मित्राशी यावरून वाद झाला. तो म्हणाला, "आम्ही अर्थ लावला तर डॉक्टर चिडतात आणि पेशंट डॉक्टरकडे जातच नाही." मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण आज पेशंट डॉक्टरकडे जात नाहीच, तो भाच्याला फोटो पाठवतो.

त्याहून चांगला मार्ग असा, की अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह आलं की त्याच रक्ताच्या नमुन्यावर लॅबने आपणहून आरएनए टेस्ट करावी. पेशंटने पुन्हा यायचं, पुन्हा सुई टोचून घ्यायची, मध्येच विसरायचं किंवा भाच्याचं ऐकायचं, ही भानगडच संपते. ही काही माझी अक्कल नव्हे, जागतिक आरोग्य संघटना हेच सुचवते. आमच्याकडे एखादी टेस्ट फेल झाली की पुढची आपोआप चालते, त्यासाठी कोणाला सकाळी उपाशीपोटी यावं लागत नाही.

मोठ्या शस्त्रक्रियेआधी, मोतीबिंदूआधी, बाळंतपणाआधी या टेस्ट सर्रास होतात. कशासाठी? बहुतेक ठिकाणी ऑपरेशन थिएटरमधल्या लोकांनी काळजी घ्यावी म्हणून. तेही हवंच. पण ज्याचं रक्त काढलं त्याला निकालाचा अर्थ सांगायची जबाबदारी कोणाचीच नाही, ही गोष्ट मला अजून पचत नाही. मामाच्या डोळ्याच्या दवाखान्याने त्या ओळीचा नीट उपयोग केला. स्वतःसाठी.

आणि हे काही दुर्मिळ प्रकरण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ सालचा अंदाज दिलाय: भारतात सुमारे २.९८ कोटी लोकांना जुनाट हिपॅटायटिस बी आणि ५५ लाखांना सी. यातल्या बहुसंख्य लोकांना ते माहीत नाही. आपल्याला वाटतं आपण लशीच्या काळातली पिढी. पण भारतात बनलेली, परवडणारी बी ची लस हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने आणली १९९७ मध्ये, आणि सरकारी लसीकरणात ती देशभर पोहोचली २०११ मध्ये. आज तुम्ही पंचवीस ते चाळीस वयाचे असाल तर तुम्हाला लस मिळाली की नाही, हे तुमच्या आईबाबांच्या हौशीवर आणि कॉलनीतल्या मंडळावर अवलंबून होतं. आईला विचारा, कार्ड शोधा. नाही सापडलं तर तीन टेस्ट बी च्या आणि एक सी ची, आयुष्यात एकदा. नवीन हेडफोनच्या किमतीत होतं सगळं.

लग्न ठरताना पत्रिका जुळवतात तिथे हे रिपोर्ट मागावेत असं मात्र मला अजिबात वाटत नाही, आणि नोकरी देताना तर मुळीच नाही. बी असलेल्या माणसाच्या जोडीदाराला लस देता येते, बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत पहिला डोस देता येतो. तो डोस महत्त्वाचा का? कारण जन्मतः संसर्ग झालेल्या बाळांपैकी ९० टक्क्यांमध्ये तो जुनाट होतो, प्रौढांमध्ये पाच टक्क्यांहून कमी. आणि सी तर आता बराच होतो.

हो, बरा होतो. मामाचं पुढे काय झालं ते राहिलंच. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे, त्यात तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर, रोज एक गोळी, १२ आठवडे. सोफोसबुविर २०१३ मध्ये अमेरिकेत आलं तेव्हा एका गोळीची किंमत हजार डॉलर होती. मामाने ८४ दिवस कॅलेंडरवर खुणा केल्या, एसटीच्या हिशोबाच्या सवयीने. संपल्यावर पुन्हा १२ आठवडे थांबून आरएनए केली. नॉट डिटेक्टेड. फोनवर वाचून दाखवताना त्याने तीनदा विचारलं, "हे न्हाई सापडलं, हे चांगलंच न्हवं?" या वेळी मी डॉक्टरांना विचारून मगच हो म्हटलं.

व्हायरस गेला, सिरॉसिस राहिला. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, कारण अशा यकृतात कॅन्सरचा धोका उरतो. ते आता चालूच राहणार.

आणि अँटिबॉडी? त्या आहेत तशाच. व्हायरस गेला तरी लॉग पुसला जात नाही. २०२४ च्या शेवटी हर्नियाच्या ऑपरेशनआधी पुन्हा तपासणी झाली, पुन्हा अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह. सकाळी आठची वेळ दिलेली, नंबर लावला सगळ्यात शेवटी, बिलात विशेष किट म्हणून जादा रक्कम, आणि फाइलवर लाल स्टिकर. मामी रडली. मामाने नर्सला शांतपणे सांगितलं, "बाई, ती अँटिबॉडी हाय. ती न्हाई जात. व्हायरस गेलाय." नर्सने मान हलवली आणि स्टिकर तसंच ठेवलं.

घरी आल्यावर त्याने आरएनएचा रिपोर्ट गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतला. पाकिटात मावेना, म्हणून छोटा करून पुन्हा केला. आता तो एसटीच्या पासच्या मागे असतो.